एमपीएससी करणारी मुलं: वय अभ्यासात जातं की वाट पाहण्यात?

पुण्यात सदाशिव पेठेतल्या किंवा नवी पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत सकाळी लवकर डोकावलं, तर बऱ्याच खुर्च्या भरलेल्या दिसतात. टेबलावर पाण्याची बाटली, लक्ष्मीकांत यांचं राज्यव्यवस्थेचं पुस्तक, स्टेट बोर्डाची क्रमिक पुस्तकं आणि समोर चिकटवलेलं वेळापत्रक. रोज किती तास अभ्यास करायचा हे त्या वेळापत्रकात ठरलेलं असतं. परीक्षा कधी होणार, हे मात्र अभ्यास करणाऱ्याच्या हातात नसतं.

ग्रॅज्युएशन झालं की 'एमपीएससी करतोय' किंवा 'करतेय' हे उत्तर महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत ऐकू येतं. मराठवाडा, विदर्भ, खान्देश, पश्चिम महाराष्ट्रातली मुलं-मुली त्यासाठी पुण्यात येऊन राहतात. विशीतली महत्त्वाची वर्षं त्यात जातात. ही वर्षं नेमकी कशात जातात आणि तरीही तरुणांना हा रस्ता का धरावासा वाटतो?

एमपीएससी करणं म्हणजे काय?

महाराष्ट्र लोकसेवा आयोग ही राज्य सरकारच्या अनेक पदांसाठी उमेदवार निवडणारी घटनात्मक संस्था आहे. उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार यांसारखी पदं राज्यसेवा परीक्षेतून भरली जातात. पोलीस उपनिरीक्षक (पीएसआय), राज्य कर निरीक्षक (एसटीआय) आणि सहायक कक्ष अधिकारी (एएसओ) ही पदं गट ब संयुक्त परीक्षेतून भरली जातात. गट क आणि अभियांत्रिकी, वन, कृषी अशा सेवाही आयोगाकडे आहेत.

साधारण क्रम पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत असा असतो. पीएसआयसाठी शारीरिक चाचणीही द्यावी लागते. पूर्व परीक्षा म्हणजे फक्त चाळणी. तिथले गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत. त्यामुळे पूर्व परीक्षा कितीही वेळा पास झाली, तरी पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

वयाची कमाल मर्यादा राज्यसेवेसारख्या परीक्षांना खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागास प्रवर्गांसाठी 43 वर्षं आहे. 2016 पर्यंत ती 33 आणि 38 होती. ती वाढल्यामुळे अनेकांना दिलासा मिळाला. पण थांबायचं कधी, हा निर्णयही त्यामुळे पुढे गेला. पीएसआयची मर्यादा मात्र खुल्या प्रवर्गासाठी 31 आणि मागास प्रवर्गांसाठी 34 आहे. तिथे एखादी जाहिरात उशिरा आली, तरी संधी कायमची जाऊ शकते.

इतकी गर्दी का?

2023 मध्ये तलाठ्याच्या 4 हजार 644 पदांसाठी 10 लाखांहून जास्त अर्ज आले. खुल्या प्रवर्गाला अर्जाची फी 1 हजार रुपये होती, तरीही. 2024 मध्ये पोलीस भरतीच्या 17 हजार 471 पदांसाठी 17 लाखांहून जास्त अर्ज आले. या दोन्ही भरती एमपीएससीच्या नव्हत्या, पण सरकारी नोकरीची ओढ किती आहे, ते त्यातून कळतं.

ही ओढ फक्त पगाराची नाही. कोरडवाहू शेती असलेल्या घरात दर महिन्याला ठरलेली रक्कम येणं, हीच मोठी गोष्ट असते. खासगी नोकरीत ओळख, इंग्रजी आणि शहर लागतं. परीक्षेत प्रश्नपत्रिका सगळ्यांना सारखी असते, हा विश्वास गावाकडच्या मुलांसाठी मोलाचा आहे. शिवाय तलाठी, तहसीलदार आणि फौजदार हीच माणसं गावाने सत्ता चालवताना पाहिलेली असतात. आपल्यातलंच कुणी त्या खुर्चीत बसावं, असं घराला वाटतं. म्हणूनच एखाद्याची निवड झाली की गावात मिरवणूक निघते.

तारीख पे तारीख

या प्रवासात अभ्यासक्रमाइतकाच अवघड भाग असतो तो अनिश्चिततेचा. गेल्या काही वर्षांतल्या घडामोडी पाहिल्या की ते लक्षात येतं.

- 2020-21: राज्यसेवा पूर्व परीक्षा 5 एप्रिल 2020 ला होणार होती. कोरोनामुळे ती सप्टेंबरमध्ये आणि मग 11 ऑक्टोबरवर गेली. मराठा आरक्षणाला सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिल्यानंतर ती पुन्हा पुढे ढकलली गेली. 14 मार्च 2021 ही तारीख ठरली, पण परीक्षेला तीन दिवस उरले असताना तीही रद्द झाली. पुण्यात शास्त्री रोडवर विद्यार्थी रस्त्यावर उतरले. अखेर 21 मार्चला परीक्षा झाली. 5 एप्रिलची तयारी करणाऱ्याला जवळपास एक वर्ष थांबावं लागलं.

- 2022-23: मुख्य परीक्षा बहुपर्यायी न ठेवता यूपीएससीसारखी लेखी, म्हणजे वर्णनात्मक करण्याचा निर्णय झाला. तो 2023 पासून लागू होणार होता. वर्षानुवर्षं पर्याय निवडायचा सराव केलेल्यांनी वेळ मागितला, आंदोलनं झाली आणि अंमलबजावणी 2025 वर गेली. नव्या पद्धतीत 9 पेपर आहेत. त्यातले भाषेचे दोन फक्त उत्तीर्ण व्हायचे असतात. उरलेल्या सात पेपरचे 1750 आणि मुलाखतीचे 275 गुण धरले जातात.

- 2024: डिसेंबर 2023 मध्ये 274 पदांची जाहिरात आली आणि 28 एप्रिल 2024 ही तारीख ठरली. नव्या मराठा आरक्षण कायद्यानंतर प्रक्रिया बदलली, परीक्षा लांबली आणि 25 ऑगस्टवर आली. त्याच दिवशी आयबीपीएसची बँक परीक्षा होती. कृषी सेवेची 258 पदंही याच परीक्षेत घ्यावीत, अशी मागणी होती. पुण्यात पुन्हा आंदोलन झालं आणि परीक्षा 1 डिसेंबरला झाली.

- 2025: 28 सप्टेंबरची पूर्व परीक्षा अतिवृष्टी आणि पुरामुळे 9 नोव्हेंबरवर गेली. ती तारीख गट ब परीक्षेला दिलेली होती, त्यामुळे गट बची परीक्षा 4 जानेवारी 2026 वर गेली.

यातलं प्रत्येक कारण वेगळं आहे. काही वेळा तर परीक्षा पुढे ढकला, ही मागणी विद्यार्थ्यांचीच होती. पूरग्रस्त भागातल्या मुलाला केंद्रावर पोहोचताच येत नसेल, तर तारीख बदलणंच योग्य. पण कारण कोणतंही असो, खोलीचं भाडं आणि मेसचं बिल थांबत नाही.

यामागे एक रचनाही आहे. आयोग स्वतःहून पदं काढू शकत नाही. सरकारच्या विभागांनी रिक्त पदांचं मागणीपत्र पाठवलं, की जाहिरात निघते. त्यामुळे आयोगाने वर्षाचं अंदाजित वेळापत्रक दिलं, तरी किती पदं येणार आणि कधी येणार, हे सरकारवर अवलंबून राहतं.

निकाल लागला की संपतं?

नेहमीच नाही. राज्यसेवा 2019 चा अंतिम निकाल जून 2020 मध्ये लागला. पण कोरोना आणि आरक्षणाच्या प्रश्नामुळे निवड झालेल्यांच्या नियुक्त्या दीर्घकाळ रखडल्या. गावात सत्कार झाला होता, हातात ऑर्डर मात्र नव्हती.

2021 मध्ये पुण्यात मुलाखतीची वाट पाहणाऱ्या एका तरुणाने आत्महत्या केली. त्यानंतर रखडलेल्या मुलाखती आणि आयोगातल्या सदस्यांच्या रिकाम्या जागा यांवर विधिमंडळातही चर्चा झाली. उशीर म्हणजे फक्त फाईल थांबणं नाही, हे त्या घटनेने दाखवलं.

पेठेतलं आयुष्य

कॉट बेसिसवर मिळालेली खोली, दोन वेळची मेस, अभ्यासिकेतली जागा, टेस्ट सिरीज आणि अप्पा बळवंत चौकातून आणलेली पुस्तकं असा हा संसार असतो. पैसे बहुतेक वेळा घरून येतात. शेतीचं वर्ष वाईट गेलं की त्याचा फटका थेट पेठेतल्या मेसच्या डब्यापर्यंत पोहोचतो. बार्टी, सारथी, महाज्योती यांसारख्या संस्थांच्या प्रशिक्षण आणि विद्यावेतन योजना आहेत, पण त्यांच्याही जागा ठरावीक असतात.

या वयाच्या आवडीनिवडीही अभ्यासाच्या कडेकडेने जगल्या जातात. रात्रीचा चहा, टपरीवर चालू घडामोडींवरून रंगणारा वाद, मोबाईलवर मॅचचा स्कोअर, रविवारी पर्वती. ग्रुप डिस्कशनमधून झालेली मैत्री अनेकदा घरच्यांपेक्षा जवळची ठरते. ती तुटते तीही निकालाच्या दिवशी. एकाचं नाव यादीत येतं, दुसऱ्याचं अर्ध्या गुणाने राहतं. अभिनंदन करायचं असतं आणि रडूही येत असतं.

मुलींच्या घड्याळाचा वेग वेगळा असतो. मुलाला 'अजून एक अटेम्प्ट दे' म्हणणारं घर मुलीला दोन-तीन वर्षांची मुदत देतं. मग स्थळं बघायला सुरुवात होते. त्यामुळे परीक्षा सहा महिने पुढे गेली, तर एखाद्या मुलीसाठी ती शेवटची संधीच हुकल्यासारखी असते.

रील्समध्ये न दिसणारी माणसं

इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर यशाच्या गोष्टींचा पूर आहे. गुलालाने माखलेला मुलगा, आईच्या डोळ्यांत पाणी, मागे गाणं. या गोष्टी खऱ्या असतात आणि त्यातून बळही मिळतं. पण व्हिडिओ बनतो तो यादीत आलेल्यांचा. सात वर्षं देऊन परत गेलेल्याचा सत्कार कुणी करत नाही, म्हणून तो दिसत नाही. टॉपर म्हणतो, 'सोडू नका.' तितकीच मेहनत करून ज्याचं झालं नाही, त्याचा सल्ला कदाचित वेगळा असता. ज्यांचं भाषण होत नाही, त्यांची संख्या कितीतरी जास्त असते, हे पदं आणि अर्जांच्या आकड्यांवरून स्पष्ट आहे.

मग करायचं काय?

परीक्षेची तारीख हातात नसली, तरी थांबायची तारीख स्वतः ठरवता येते. ती ठरवायची योग्य वेळ म्हणजे तयारीची सुरुवात, नापास झाल्याची संध्याकाळ नव्हे.

- किती वर्षं आणि किती पैसे द्यायचे, हे घरच्यांसोबत बसून आधीच बोलावं. अटेम्प्टपेक्षा वर्षं मोजावीत, कारण एक अटेम्प्ट दोन वर्षं लांबू शकतो.
- प्लॅन बी म्हणजे आत्मविश्वासाचा अभाव नव्हे. पदवीशी संबंधित कौशल्य, बँकिंग किंवा स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षा, अर्धवेळ काम यांपैकी काहीतरी चालू असेल, तर तारीख पुढे गेल्याचा धक्का कमी बसतो.
- पूर्व परीक्षा सतत राहत असेल आणि मुख्य परीक्षेत दरवर्षी थोडक्यात राहत असेल, तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचा निर्णय त्यानुसार घ्यावा.
- घरच्यांनी 'कधी लागणार?' असं विचारण्याऐवजी 'जेवलास का, झोप होते का?' हे विचारलं, तर बोलणं सुरू राहतं.

झोप उडाली असेल, कुणाशी बोलावंसं वाटत नसेल किंवा जीव नकोसा झाला असेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे. मराठीतही बोलता येतं.

पेठेतून परत जाणाऱ्या मुलाकडे पद नसलं, तरी राज्यघटना, अर्थव्यवस्था आणि आपल्या जिल्ह्याचा इतिहास-भूगोल तो चांगला जाणतो. ग्रामसभेत प्रश्न विचारायला, माहितीचा अधिकार वापरायला किंवा गावातल्या पोरांना शिकवायला ते पुरेसं असतं. 'काहीच झालं नाही' हा शिक्का त्याच्यावर मारण्याआधी गावाने हे लक्षात घेतलं, तर परतीची वाट थोडी सोपी होईल.