गडावरून गेटवर: फौजेतल्या अनुभवाला बाहेर भाव किती?

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात एका जाहिरातीनं करू. चाकणकडून आळेफाट्याकडे येताना हायवेच्या कडेला, विजेच्या खांबांवर कागद चिकटवलेले दिसतात. 'सिक्युरिटी गार्ड पाहिजेत. माजी सैनिकांना प्राधान्य. गनमॅनला जादा पगार.' खाली मोबाइल नंबर. आता मला सांगा, 'स्टोअर सांभाळायला माणूस पाहिजे, माजी सैनिकांना प्राधान्य' असा कागद कुठं पाहिलाय? मी तरी नाही पाहिला. फौजेत स्टोअर नसतं का? असतं की. तिथं तर खिळ्याचासुद्धा हिशेब द्यावा लागतो. मग बाहेर आल्यावर त्या माणसाची फक्त बंदूकच का दिसते?

माझं गाव बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर. कुकडीच्या काठावर. भूगर्भवाल्यांना आमचं गाव नदीकाठच्या ज्वालामुखीच्या राखेमुळं माहीत आहे, पण तो वेगळा भाग होईल. आमच्याकडं एक गंमत आहे. फौजेत कुणी शिपाई असो, नाईक असो, सुट्टीवर आला की गाव त्याला 'मेजर' म्हणतं. 'या मेजर, चहा घ्या.' गाव फुकटात प्रमोशन देतं. आणि तोच मेजर रिटायर होऊन कंपनीत गेला की पहिल्या दिवसापासून पुन्हा शिपाई. हे आजचं नाही. आपल्याच तालुक्यात मागं गेलं तर दोनशे वर्षांचा माग लागतो.

१८१८ साली पेशवाई बुडाली. त्याच उन्हाळ्यात इंग्रजांच्या मेजर एल्ड्रिजच्या फौजेनं जुन्नर भागातले किल्ले एकापाठोपाठ एक घेतले. चावंडला ट्रेकला गेलेले असाल तर आठवत असेल, एका टप्प्यावर पायऱ्याच नाहीत, रेलिंग धरून चढावं लागतं. किल्ले पुन्हा कुणी लढवू नयेत म्हणून इंग्रजांनी अशा वाटा सुरुंगानं उडवल्या. पायऱ्या उडाल्या, त्याबरोबर गडावरच्या नोकऱ्याही उडाल्या, आणि त्यांचा फोटो कुणी काढत नाही.

गडावर नुसते भालेवाले नसायचे. हवालदार असायचा, हजेरी आणि हिशेब लिहिणारा सबनीस असायचा, धान्य-दारूगोळ्याचा साठा बघणारा कारखानीस असायचा. खाली घेऱ्यातल्या वाड्यांमधून राखणीला माणसं असायची, त्यांत महादेव कोळी समाज मोठा. डोंगरातली प्रत्येक चोरवाट त्यांना पाठ. नवीन सरकारला या माहितीची गरज नव्हती, उलट भीती होती. ज्याला वाटा माहीत तो उद्या वाट अडवेल. म्हणजे कालपर्यंत जो अनुभव पगार देत होता, तोच आता संशयाचं कारण झाला. पुढं १८२८ पासून रामजी भांगरे, रामा किर्वा यांचे उठाव झाले. रामजींचा मुलगा राघोजी भांगरे, त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्यात फाशी दिली. उठावांची कारणं अनेक होती. सावकारी होती, जमिनी होत्या, मानपान होता. पण पिढीजात हक्काची राखण आणि तिची मिळकत गेली, हे त्यातलं एक ठळक कारण, आणि ते बऱ्याचदा सांगायचं राहून जातं.

आता गंमत बघा. १८५७ आलं, उत्तरेत बंड पेटलं, आणि याच डोंगरातली माणसं सरकारला अचानक उपयोगाची वाटायला लागली. कॅप्टन नटॉल नावाच्या अधिकाऱ्याखाली 'कोळी कोअर' उभी केली. जावजी नाईक बांबळे तिचे प्रमुख. जुन्या गॅझेटिअरमध्ये या पलटणीचं वर्णन आहे, आणि इंग्रज लेखक अगदी प्रेमात पडल्यासारखा लिहितो. हिरवा फेटा, हिरवी बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, पायात वहाणा. तंबू नाही, सामानाला जनावरं नाहीत. स्वतःचं जेवणखाण, काडतुसं, सगळं पाठीवर, आणि एका दिवसात तीस-चाळीस मैल. तेही सह्याद्रीत! (आपण हरिश्चंद्रगड एकदा केला तरी आठवडाभर स्टेटस ठेवतो.) कवायत तर अशी पटकन शिकले की जन्मजात शिपाई वाटावेत, असं त्यात म्हटलंय.

मार्च १८६१ मध्ये ही पलटण मोडली. काम संपलं, घरी जा. थोडेजण पोलिसात गेले, बाकीचे परत शेतीकडं आणि मजुरीकडं. तीन-चार वर्षं शिस्तीत काम केलेली, आपसात भांडी वाटून घेऊन स्वयंपाकापासून चढाईपर्यंत सगळं निभावणारी माणसं, आणि त्यांच्यासाठी दार एकच होतं, पोलिसाचं. मला यात आजच्या खांबावरच्या कागदाची पहिली आवृत्ती दिसते. फौजी आहेस ना? मग पहाऱ्याला उभा राहा.

पण प्रत्येक वेळी असंच झालं असं नाही. याच्या उलटं उदाहरण तुम्हाला सगळ्यांना माहीत असलेल्या घरातलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ. आपण त्यांना 'सुभेदार' म्हणून ओळखतो, पण त्यांची फौजेतली बरीच वर्षं गेली ती लष्करी शाळेत. चौदा वर्षं ते मुख्याध्यापक होते. त्या काळात फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवलं जायचं, आणि ज्यांना गावच्या शाळेच्या पायरीवरही बसू देत नव्हते अशा महार शिपायांच्या घरात अक्षर शिरलं ते या वाटेनं.

निवृत्तीनंतर रामजी आधी दापोलीला राहिले. तिथं महार पेन्शनरांची वस्तीच होती. मग साताऱ्याला त्यांना नोकरी मिळाली, सार्वजनिक बांधकाम खात्यात, स्टोअरकीपर म्हणून. पुढं खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तलाव बांधणं चालू होतं, तिथं ते कॅशियर होते. नीट ऐका, कॅशियर! दुष्काळी कामावरचा पैसा त्यांच्या हातातून जात होता. म्हणजे सरकारनं त्यांच्यातला शिक्षक, हिशेबनीस, विश्वासाचा माणूस बघितला. बंदूक नाही बघितली.

आणि त्याच तलावाच्या गावी वडिलांना भेटायला छोटा भीमराव आणि भावंडं १९०१ मध्ये निघाली, तेव्हा मसूर स्टेशनवर काय झालं ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. पोरं महार आहेत कळल्यावर गाडीवान गाडी द्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर, मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं, असं ठरलं. कचेरीत वडिलांच्या अनुभवाला किंमत होती. स्टेशनबाहेर नव्हती. माणसाचा अनुभव मोजणारा कोण आहे, यावर सगळं ठरतं.

बरं, हे दारही त्याच काळात बंद होत होतं. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची फौजभरती थांबवली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त फौजी. त्यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध सविस्तर अर्ज तयार केला. फौज बंद म्हणजे नुसता पगार बंद नाही. शाळा बंद, पेन्शन बंद, आणि पेन्शननंतर कचेरीत बसण्याची जी एक शक्यता होती तीही बंद.

आता एक उडी मारू, १९४५ मध्ये. दुसरं महायुद्ध संपत होतं. हिंदी फौज तोवर सुमारे २५ लाखांवर गेलेली, आणि त्यातले बहुतेक घरी पाठवायचे होते. एवढी माणसं करणार काय? म्हणून जुलै १९४५ मध्ये सरकारनं पुनर्वसन आणि रोजगारासाठी एक संचालनालय उघडलं आणि त्याखाली ठिकठिकाणी रोजगार कचेऱ्या सुरू केल्या. तुमच्या आई-वडिलांना विचारा, 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला नाव नोंदवलं होतं का?' दहावी झाली की ते कार्ड काढायला रांग लागायची. ती देशभरची व्यवस्था उभी राहिली ती मुळात युद्धावरून सुटलेल्या सैनिकांसाठी आणि युद्धकामगारांसाठी. फाळणीनंतर तिथं निर्वासित आले, आणि १९४८ पासून ती सगळ्यांना खुली झाली. म्हणजे नोकरी शोधायची आपली सरकारी पद्धतच फौजींच्या पोटातून जन्मली, हे मला हा भाग तयार करताना कळलं आणि मी दोन मिनिटं गप्प बसलो.

आता आजकडं येतो. माझे एक मामा २२ वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून बाहेर पडले. वय बेचाळीस. फौजेत शिपाई-हवालदार असे पस्तिशी-चाळिशीतच सुटतात, हे बाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही. रिटायर म्हटलं की त्यांना काठी टेकणारा माणूस दिसतो. मामांचं काम राशनचं. उंचावरच्या पोस्टवर शंभर-सव्वाशे माणसांचं सहा महिन्यांचं खाणं, रॉकेल, औषधं, बर्फ पडायच्या आत वर पोहोचवायचं. चुकलं तर दुकान जवळ नाही.

एका कंपनीत ते मुलाखतीला गेले. समोर बसलेल्या मुलानं आदरानं 'काका' म्हटलं, पाणी दिलं. फॉर्मवर एक रकाना होता, 'इंडस्ट्रीतला अनुभव'. तिथं त्यानं लिहिलं शून्य. मग विचारलं, "काका, गन लायसन्स आहे का?"

त्या मुलाचा मला राग येत नाही. त्याच्या फॉर्ममध्ये २२ वर्षं बसवायला जागाच नव्हती. आणि खरं सांगायचं तर मामांनीही स्वतःच्या बायोडाटात एवढंच लिहिलं होतं: 'हवालदार, २२ वर्षे सेवा, वर्तणूक अनुकरणीय.' डिस्चार्ज बुकातली भाषा तशीच उतरवली. ती फौजेला कळते. कंपनीला त्यातून काय कळणार?

हा फॉर्मचा घोळ कायद्यातही दिसतो. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्राचा कायदा आहे. गार्ड घेताना माजी सैनिकांना प्राधान्य देता येईल, असं तो म्हणतो. त्याखालच्या २००६ च्या आदर्श नियमांत ट्रेनिंगचे तास दिले होते. साध्या उमेदवाराला वर्गात १०० तास आणि मैदानावर ६० तास. माजी सैनिकाला वर्गात ४० आणि मैदानावर १६. वजाबाकी करा. १६० वजा ५६, म्हणजे १०४ तास. पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीची सवलत १०४ तास! आणि तीही गेटवर उभं राहण्याच्याच कामात.

सरकारी नोकरीत गोष्ट जरा बरी आहे. महाराष्ट्रात गट क आणि गट ड च्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात आणखी एक चांगला नियम आहे: मॅट्रिक पास आणि १५ वर्षं सेवा असेल, तर पदवी लागणाऱ्या गट क च्या काही पदांसाठी तो माणूस पात्र धरता येतो. हा नियम मला मनापासून आवडतो, कारण त्यात अनुभवाचं भाषांतर केलंय. पंधरा वर्षांत माणूस काहीतरी शिकला असेल, हे गृहीत धरलंय. खासगी कंपनीच्या फॉर्ममध्ये असं गृहीत धरणारं कुणी नाही.

मामांना काम मिळालं ते आळेफाट्याजवळ, एका कांदा व्यापाऱ्याकडं. व्यापाऱ्यानं फॉर्म दिला नाही. विचारलं, "मेजर, किती माणसं सांभाळली? माल किती खराब व्हायचा?" मामांनी आकडे सांगितले. दुसऱ्या दिवसापासून वखार त्यांच्याकडं. पगार फार नाही, पण चावी त्यांच्या हातात आहे.

हे सगळं आत्ता का सांगतोय? अग्निवीरांमुळं. १४ जून २०२२ ला अग्निपथ जाहीर झालं. चार वर्षांची नोकरी, त्यातले २५ टक्क्यांपर्यंत कायम होणार, बाकीचे बाहेर. पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये ट्रेनिंगला गेली, पुढचा हिशेब तुम्हीच करा. हे बाहेर पडणारे बाविशी-पंचविशीतले असणार. पेन्शन नाही, आणि योजनेच्या अटींत माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे वर सांगितलेला १५ टक्क्यांचा आणि १५ वर्षांचा आधार त्यांना आपोआप मिळत नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत २०२२ मध्ये १० टक्के जागा जाहीर झाल्या होत्या. पुन्हा तेच दार, १८६१ मधलं. बाकीच्यांना कंपनीच्या टेबलासमोरच बसायचंय.

आमच्याकडं पहाटे रस्त्यावर पोरं पळतात भरतीसाठी. बिबट्याच्या भीतीनं घोळक्यानं पळतात, एकजण मोबाइलचा टॉर्च धरतो. मामा त्यांना गाठून एकच गोष्ट सांगतात. आत गेलात की जे काम कराल ते तारखेनिशी वहीत लिहा. किती माणसं, कुठलं मशीन, किती गाड्या, काय बिघडलं आणि कसं दुरुस्त केलं. युनिटची गुपितं नाही लिहायची, आपलं काम लिहायचं.

मागच्या आठवड्यात त्यातल्या एकानं विचारलं, "मामा, मोबाइलमध्ये लिहिलं तर नाही का चालणार?"

मामा म्हणाले, "ट्रेनिंगला मोबाइल हातात कोण राहू देतंय तुझ्या? वही घे. शंभर पानी घे."