ब्रातिस्लाव्हा : इतिहास व प्रेक्षणीय स्थळे

ब्रातिस्लाव्हा : मध्य यूरोपातील स्लोव्हाकिया देशाची राजधानी व तेथील सर्वांत मोठे शहर. लोकसंख्या ४,७५,५०३ (२०२१). डॅन्यूब नदीच्या दोन्ही काठांवर, लहान कार्पेथियन डोंगररांगेच्या पायथ्याशी ते वसले आहे. व्हिएन्ना येथून पश्चिमेस केवळ सु. ५५ किमी. वर आहे. शहराची हद्द ऑस्ट्रिया व हंगेरी या दोन्ही देशांच्या सीमांना भिडते. राष्ट्रीय राजधानीच्या बाबतीत ही स्थिती अपूर्व म्हणावी लागेल. १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे विभाजन होऊन स्लोव्हाकिया स्वतंत्र झाला, तेव्हापासून हे शहर पूर्णार्थाने राजधानी आहे.

व्हिएन्ना, प्राग व बूडापेस्ट या तीन ख्यातनाम नगरांच्या मधोमध असणे हेच या शहराच्या उपेक्षेचे मुख्य कारण होय. परदेशी प्रवासी सामान्यतः व्हिएन्नाहून सकाळी येतो, जुन्या गावातील दोनतीन गल्ल्या फिरतो आणि सायंकाळी परततो. तीन तासांत संपणारे गाव, असा त्याचा ग्रह होतो. हा ग्रह सर्वस्वी निराधार नाही, कारण येथील जुने नगर खरोखरच लहान आहे. परंतु विसाव्या शतकात या शहरातील रहिवासी, त्यांच्या भाषा, रस्त्यांची नावे आणि पुतळे इतक्या वेळा बदलले, की जे उभे आहे तेवढेच पाहून शहर कळत नाही. जे पाडले गेले त्याच्या जागाही पाहाव्या लागतात.

खुद्द नावापासूनच याची प्रचीती येते. जर्मन भाषिक या शहरास प्रेसबर्ग, हंगेरियन भाषिक पोझोन्य आणि स्लोव्हाक लोक प्रेश्पोरोक म्हणत. ब्रातिस्लाव्हा हे नाव अधिकृतपणे मार्च १९१९ मध्ये रूढ झाले. त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकातील स्लाव्ह विद्वान पाव्हेल योसेफ श्याफारिक यांच्या एका तर्कात आहे. शहराचे जुने नाव ब्रेतिस्लाव्ह या राजनामावरून आले असावे, असे त्यांनी मानले. पुढील संशोधनात हा तर्क टिकला नाही. नाव मात्र टिकले. १९१० च्या जनगणनेनुसार शहरात जर्मन भाषिक सु. ४२, हंगेरियन भाषिक सु. ४१ आणि स्लोव्हाक भाषिक केवळ सु. १५ टक्के होते. आज स्लोव्हाक राष्ट्राची राजधानी असलेल्या नगरात शंभर वर्षांपूर्वी स्लोव्हाक लोक अल्पसंख्य होते, ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय येथील कोणत्याही वास्तूचा अर्थ नीट लागत नाही.

प्राचीन काळ : इ. स. पू. पहिल्या शतकात येथे केल्टिक लोकांची तटबंदीयुक्त वसाहत होती. बियातेक हे नाव कोरलेली त्यांची नाणी प्रसिद्ध आहेत. किल्ल्याच्या टेकडीवर २००८ नंतर झालेल्या उत्खननांत रोमन पद्धतीने बांधलेल्या केल्टिक इमारतींचे अवशेष व सोन्याची नाणी सापडली. रोमन साम्राज्याची सीमा डॅन्यूबच्या काठाने जात असे. उजव्या काठावरील रुसोव्हत्से येथील गेरुलाटा या लष्करी ठाण्याचे अवशेष २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. १२९१ मध्ये हंगेरीचा राजा तिसरा अँड्रू याने नगरास सनद दिली. मॅथायस कॉर्व्हायनस याच्या कारकीर्दीत १४६७ मध्ये येथे विद्यापीठ सुरू झाले. मात्र राजाच्या मृत्यूनंतर (१४९०) ते बंद पडले.

राज्याभिषेकाचे नगर : मोहाचच्या लढाईत (१५२६) ऑटोमन तुर्कांनी हंगेरीचा पराभव केला व पुढे बूडा जिंकले. त्यामुळे १५३६ मध्ये हंगेरीची राजधानी प्रेसबर्ग येथे हलविण्यात आली. १५६३ पासून १८३० पर्यंत हंगेरीचे राजे व राण्या मिळून एकोणीस जणांचे राज्याभिषेक येथील सेंट मार्टिन कॅथीड्रलमध्ये झाले. आज ज्यांची गणना व्हिएन्नाच्या वैभवात होते ते हॅब्सबर्ग राजे हंगेरीचा मुकुट धारण करण्यासाठी या गावी येत असत.

गॉथिक शैलीचे हे कॅथीड्रल १४५२ मध्ये प्रतिष्ठापित झाले. ते नगराच्या तटाला लागूनच असल्याने त्याचा मनोरा संरक्षणाच्याही उपयोगी पडे. सु. ८५ मी. उंचीच्या या मनोऱ्यावर क्रूसाऐवजी सोन्याचा मुलामा दिलेली उशी व तीवर हंगेरीच्या मुकुटाची प्रतिकृती आहे. आत गेऑर्ख राफाएल डॉनर या शिल्पकाराने अठराव्या शतकात घडविलेले सेंट मार्टिनचे शिशाचे शिल्प आहे. घोड्यावरून वाकून भिकाऱ्यासाठी आपला झगा तलवारीने कापणारा हा संत हंगेरियन हुजाराच्या वेशात दाखविला आहे. शहरात एकच कलाकृती पाहण्याइतका वेळ असेल, तर ही पाहावी.

अभिषेकानंतरची मिरवणूक ठराविक मार्गाने जाई. आजही तो मार्ग पायी चालता येतो. कॅथीड्रलमधून निघालेला राजा प्रथम फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये जाऊन निवडक सरदारांना ‘सुवर्ण आरे’चे सन्मान देई; त्यानंतर मायकेल दरवाजातून तटाबाहेर पडे. नगराच्या चार प्रवेशद्वारांपैकी हे एकच आता शिल्लक आहे. त्याचा पाया चौदाव्या शतकातील असून सु. ५१ मी. उंच मनोऱ्याला आजचे बरोक रूप अठराव्या शतकात मिळाले. शेवटी डॅन्यूबकाठच्या अभिषेक-टेकाडावर राजा घोडा चढवी आणि राज्याच्या रक्षणाची ग्वाही म्हणून चारी दिशांना तलवार फिरवी. २५ जून १७४१ रोजी मारिया टेरीझा हिनेही हे सर्व विधी पार पाडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिने येथील किल्ल्यात हंगेरियन सरदारांकडे लष्करी साहाय्य मागितले. तान्ह्या मुलाला हाती घेऊन ती आवाहन करीत असल्याची चित्रे लोकप्रिय आहेत. प्रत्यक्षात बाळ योझेफ त्यानंतर काही दिवसांनी सभेपुढे आणला गेला.

या टेकाडाच्या जागेची पुढील कथा म्हणजे शहराच्या इतिहासाचे सारच होय. तेथे १८९७ मध्ये यानोश फाद्रुस या स्थानिक शिल्पकाराने घडविलेला मारिया टेरीझाचा अश्वारूढ पुतळा उभारण्यात आला. चेकोस्लोव्हाकियाच्या स्थापनेनंतर, १९२१ मध्ये, चेक सैनिकांनी तो फोडला. १९३८ मध्ये नव्या प्रजासत्ताकाचे एक संस्थापक मिलान श्तेफानिक यांचे स्मारक तेथे झाले. तेही पुढे राजवटी बदलताच हटविण्यात आले. सध्या तेथे स्लोव्हाक राष्ट्रजागृतीचा नेता ल्युदोव्हीत श्तूर व त्याचे अनुयायी यांचा शिल्पसमूह आहे.

प्रायमेटचा राजवाडा : तुर्की सत्ता मागे हटल्यावर सम्राट दुसरा योझेफ याने १७८३ मध्ये हंगेरीची कार्यालये बूडा येथे नेली. प्रतिनिधिसभेची अधिवेशने मात्र १८४८ पर्यंत बहुधा येथेच भरत. या संधिकालाची वास्तू म्हणजे मेल्खिओर हेफेले याने एस्टरगोमच्या आर्चबिशपसाठी बांधलेला प्रायमेटचा राजवाडा (१७७८–८१). ऑस्टरलिट्झच्या लढाईनंतर २६ डिसेंबर १८०५ रोजी फ्रान्स व ऑस्ट्रिया यांच्यातील प्रेसबर्गचा तह येथे झाला. पॅरिसमधील विजयकमानीजवळच्या एका रस्त्यास त्यावरून प्रेसबर्गचे नाव मिळाले. याच राजवाड्यातील आरसेमहालात एप्रिल १८४८ मध्ये हंगेरीतील भूदासपद्धती रद्द करणाऱ्या कायद्यांवर राजाची स्वाक्षरी झाली. १९०३ मध्ये शहराने राजवाडा विकत घेतल्यानंतर दुरुस्तीच्या वेळी सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये विणलेल्या सहा चित्रजवनिका सापडल्या. हीरो व लिअँडर यांची प्रेमकथा त्यांत विणलेली आहे.

जवळच मुख्य चौक, सोळाव्या शतकातील कारंजे आणि जुने नगरभवन आहे. नगरभवनातील शहर-संग्रहालय १८६८ मध्ये स्थापन झाले. बाहेरच्या भिंतीत अडकलेला तोफगोळा १८०९ मधील नेपोलियनच्या स्वारीची आठवण म्हणून दाखवितात. गटाराच्या झाकणातून डोके बाहेर काढणारा कामगार हे १९९७ मधील ब्राँझशिल्पही याच भागात आहे. बहुतेक प्रवाशांच्या छायाचित्रांत नेमके तेच असते. त्याला फार वेळ देण्याचे कारण नाही.

किल्ला : चार कोपऱ्यांवर चार बुरूज असलेला हा पांढरा किल्ला दुरून उलट्या ठेवलेल्या चौरंगासारखा दिसतो. हंगेरीची राजचिन्हे दीर्घकाळ येथील एका बुरुजात ठेवलेली असत. मारिया टेरीझाचा जावई आल्बर्ट याचे येथे राज्यपाल म्हणून वास्तव्य असताना (१७६५–८१) त्याने आलेख्यचित्रे व मुद्राचित्रे जमविण्यास आरंभ केला. व्हिएन्नातील विख्यात आल्बर्टिना संग्रहालयाचे हेच मूळ होय. आल्बर्टनंतर किल्ल्यात धर्मोपदेशकांचे विद्यालय आले. तेथे शिकलेल्या आंतोन बेर्नोलाक याने १७८७ मध्ये स्लोव्हाक भाषेचे पहिले प्रमाणित रूप सिद्ध केले. १८११ मध्ये छावणीतील सैनिकांच्या निष्काळजीपणामुळे आग लागून किल्ला भस्मसात झाला आणि सु. दीडशे वर्षे भग्नावस्थेत राहिला. आजची इमारत प्रायः १९५० व ६० च्या दशकांतील पुनर्रचना आहे. चेकोस्लोव्हाकियास संघराज्य बनविणाऱ्या कायद्यावर (३० ऑक्टोबर १९६८) आणि स्लोव्हाकियाच्या संविधानावर (३ सप्टेंबर १९९२) येथेच सह्या झाल्या.

ज्यू वसाहत व पूल : किल्ल्याची टेकडी आणि कॅथीड्रल यांच्यामध्ये आज रुंद महामार्ग आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तेथे उतारावरच्या अरुंद गल्ल्यांची जुनी ज्यू वसाहत होती. १८०६ पासून १८३९ पर्यंत खातम सोफेर या नावाने ओळखले जाणारे मोझेस सोफेर हे येथील मुख्य धर्मगुरू होते. त्यांच्या पाठशाळेमुळे हे नगर यूरोपातील सनातनी ज्यू विद्येचे अग्रगण्य केंद्र बनले. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी शहरात सु. १५,००० ज्यू राहत होते. १९३९ मध्ये जर्मनीच्या आश्रयाने अस्तित्वात आलेल्या स्लोव्हाक राज्याने १९४२ मध्ये ज्यूंना हद्दपार करण्यास सुरुवात केली. १९४४–४५ मध्ये जर्मन फौजांनी उरलेल्यांचीही पाठवणी केली. दोन्ही खेपांत मिळून देशभरातील सु. ७०,००० ज्यूंना छळछावण्यांत नेण्यात आले. त्यांपैकी फार थोडे परतले.

माणसे गेल्यावर वसाहत मोडकळीस आली आणि १९६७–७२ या काळात बांधलेल्या नव्या पुलाच्या मार्गासाठी तिचा मोठा भाग पाडण्यात आला. कॅथीड्रलच्या शेजारी १८९० च्या दशकात बांधलेले दोन मनोऱ्यांचे ज्यू प्रार्थनामंदिर १९६९ मध्ये नाहीसे झाले. पूल स्वतः अभियांत्रिकीचा उत्कृष्ट नमुना आहे. ३०३ मी. लांबीचा मुख्य गाळा एकाच काठावरील कलत्या मनोऱ्याला तारदोरांनी टांगला आहे. मनोऱ्याच्या माथ्यावर सु. ८५ मी. उंचीवर उडत्या तबकडीच्या आकाराचे उपाहारगृह आहे. तथापि या पुलाची वाहतूक कॅथीड्रलपासून काही मीटरांवरून जाते व तिच्या हादऱ्यांनी त्या वास्तूस पोहोचणारी इजा हा जुना चिंतेचा विषय आहे. शहराने पुलाची जी किंमत दिली ती दुसऱ्या आखणीने टाळता आली असती, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. पाडलेल्या प्रार्थनामंदिराच्या जागी त्याचे चित्र कोरलेली काळ्या दगडाची भिंत व स्मारक १९९० च्या दशकात उभारले गेले.

खातम सोफेर यांची समाधी किल्ल्याच्या पश्चिमेस नदीकाठी आहे. १९४३ मध्ये रस्त्याच्या कामासाठी जुनी दफनभूमी नष्ट करण्यात आली, तेव्हा त्यांच्यासह काही धर्मगुरूंच्या कबरी काँक्रीटच्या छताखाली, जमिनीच्या पोटात, जागच्या जागी राखल्या गेल्या. पुढे वरून ट्राम धावू लागली. २००२ मध्ये ट्रामचे रूळ बाजूस सारून मार्तिन क्व्हास्निका या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार साधी, गंभीर वास्तू उभारण्यात आली. जगभरचे ज्यू यात्रेकरू येथे येतात.

महायुद्धानंतर जर्मन भाषिकांना देशाबाहेर घालविण्यात आले, हंगेरियन भाषिकही घटले आणि खेड्यांतून आलेल्या स्लोव्हाक लोकांनी शहर भरले. त्यांच्यासाठी १९७० च्या दशकापासून उजव्या काठावर पेत्रझाल्का ही एकसाची इमारतींची प्रचंड वसाहत बांधण्यात आली. तेथे आज एक लाखाहून अधिक लोक राहतात. शहर जिंकून घेताना व आसपासच्या लढायांत पडलेल्या ६,८४५ सोव्हिएट सैनिकांचे दफनस्थान असलेले स्लाव्हिन स्मारक (१९६०) उत्तरेकडील टेकडीवर आहे. नाट्यगृहासमोरील ह्व्ह्येझ्दोस्लाव्ह चौकात २५ मार्च १९८८ रोजी हजारो नागरिक धर्मस्वातंत्र्यासाठी हाती मेणबत्त्या घेऊन उभे राहिले. पोलिसांनी पाण्याचे फवारे मारून त्यांना पांगविले.

निळे चर्च : सेंट एलिझाबेथच्या नावाचे हे छोटे चर्च एदेन लेख्नर या हंगेरियन वास्तुशिल्पज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधले (१९१३). भिंती, छप्पर, कौले सर्वत्र फिकट निळ्या रंगाच्या छटा आहेत. हंगेरियन लोककलेचे नाते पौर्वात्य कलांशी आहे, अशी लेख्नरची धारणा होती. भारतीय व इराणी अलंकरणाचा त्याने अभ्यास केला आणि बूडापेस्टच्या उपयोजित कला संग्रहालयात भारतीय-इस्लामी धर्तीच्या कमानी योजिल्या. प्रस्तुत चर्चमध्ये हा प्रभाव सौम्य आहे.

देव्हिन : शहराच्या पश्चिम टोकाला, मोराव्हा व डॅन्यूब यांच्या संगमावरील कड्यावर, देव्हिनचा भग्न किल्ला आहे. ८६४ मधील एका नोंदीत त्याचा उल्लेख येतो. १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने तो सुरुंगाने उडविला. २४ एप्रिल १८३६ रोजी श्तूर व त्याचे तरुण सहकारी येथे जमले व त्यांनी राष्ट्रकार्याची शपथ घेतली. त्यामुळे स्लोव्हाक मनात या अवशेषांना जे स्थान आहे ते राजधानीतील किल्ल्यालाही नाही. शीतयुद्धाच्या काळात मोराव्हाचा काठ म्हणजे लोखंडी पडदाच होता. १९१४ मध्ये ज्या गावातून विद्युत् ट्रामने थेट व्हिएन्नाच्या मध्यभागी जाता येई, त्याच गावाच्या रहिवाशांना चार दशके ऑस्ट्रियाचा काठ तारांच्या कुंपणापलीकडून पाहावा लागला. पलायन करताना मारल्या गेलेल्यांचे स्मारक किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. तेथून नदीकाठाने उत्तरेस गेल्यास २०१२ मध्ये खुला झालेला पादचाऱ्यांचा व सायकलींचा पूल लागतो. मोराव्हा ओलांडून तो ऑस्ट्रियातील श्लोसहोफ या राजवाड्याकडे जातो.