तापमान-चढ (प्रयोगशाळा भट्टी)

प्रयोगशाळेतील विद्युत भट्टीचे तापमान ठरवून दिलेल्या वेगाने वाढवणे किंवा उतरवणे यास तापमान-चढ असे म्हणतात. रॅम्प हा इंग्रजी शब्दही प्रयोगशाळांत सर्रास वापरला जातो. चढ आणि एकाच तापमानावरील मुक्काम असे टप्पे क्रमाने नियंत्रकात भरले की भट्टीचा कार्यक्रम तयार होतो.

मंद चढाची गरज पदार्थाच्या गुणधर्मांतून निर्माण होते. क्वार्ट्झची स्फटिकरचना ५७३° सेल्सिअसला बदलते आणि तो एकाएकी प्रसरण पावतो. त्यामुळे क्वार्ट्झयुक्त मातीच्या वस्तूस या तापमानाच्या आसपास तडे जाऊ शकतात. अशा नमुन्यासाठी २५° पासून ५२५° पर्यंत मिनिटाला ५°, तेथून ६२५° पर्यंत मिनिटाला १°, पुढे १०२५° पर्यंत पुन्हा ५° आणि शेवटी दोन तासांचा मुक्काम, असा कार्यक्रम देता येतो. यात पहिल्या ५०० अंशांना १०० मिनिटे लागतात आणि मधल्या अवघ्या १०० अंशांनाही तेवढीच. थंड होताना हाच बदल उलट दिशेने घडत असल्याने उतरणीतही तेवढीच सावधगिरी आवश्यक असते.

नियंत्रक दर क्षणाचे अपेक्षित तापमान ठरवतो, थर्मोकपलने मोजलेल्या तापमानाशी त्याची तुलना करतो आणि तापकतारांना मिळणारी वीज कमीजास्त करतो. मात्र थर्मोकपल भट्टीच्या पोकळीतील तापमान दाखवते. जाड नमुन्याचा गाभा त्याच्या बराच मागे असू शकतो. भट्टीच मागे पडल्यास कार्यक्रमाचे घड्याळ थांबवून धरण्याची सोय अनेक नियंत्रकांत असते. ती बंद असल्यास भट्टी इच्छित तापमानास पोहोचण्यापूर्वीच मुक्कामाची वेळ मोजली जाऊ लागते.

चढाचे एकक सर्व यंत्रांत सारखे नसते. काही नियंत्रक मिनिटाला किंवा तासाला किती अंश ते विचारतात, तर काही टप्पा पूर्ण करण्याचा कालावधी विचारतात. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात वेग समजून ५ हा आकडा भरल्यास संपूर्ण चढ पाच मिनिटांत गाठण्याची आज्ञा दिली जाते. तापकतारा पूर्ण शक्तीने तापतात आणि नमुना बहुधा वाया जातो.

उतरणीवर नियंत्रकाचा अधिकार मर्यादित असतो. साध्या भट्टीत शीतनाची व्यवस्था नसते, म्हणून नैसर्गिक थंड होण्याहून अधिक वेगाची उतरण केवळ कागदावर राहते. कार्यक्रमाच्या अखेरीस वीजपुरवठा बंद करण्याची आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागते. अन्यथा काही नियंत्रक भट्टी शेवटच्या तापमानावरच धरून ठेवतात.