मशेरीच्या डबीपासून गुटख्याच्या पुडीपर्यंत

कोवळ्या वयातील मुलांच्या व्यसनांविषयी बोलणे निघाले की आपण सारा दोष नव्या काळाला देऊन मोकळ्या होतो. इतिहास मात्र निराळे सांगतो. तंबाखू आपल्या घरात आली ती काल-परवा नव्हे. आणि कोवळ्या मुखात ती पुष्कळदा बायकांच्याच हातून गेली, हे आपल्यासारख्या महिला मंडळाने तरी प्रथम बोलून दाखविले पाहिजे.

ही वनस्पती मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली व दख्खनेत ती लवकरच रुजली. इ. स. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग विजापुराहून परतला, तेव्हा त्याने ती अकबराच्या दरबारी नजर केली. दरबारच्या हकिमाने तेव्हाच हरकत घेतली होती! पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखू ओढण्यास मनाई केली. पण बादशाही फर्मानालाही ती बधली नाही.

पुरुषांनी चिलीम आणि विडी ओढली. बायकांना ते शोभत नसे, म्हणून त्यांच्या वाट्याला मशेरी आली. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि सकाळी बोटाने दातांना-हिरड्यांना चोळायची. दात स्वच्छ होतात, ठणका थांबतो, पोट साफ होते असा समज. शिवाय भूक मरते, आणि गरिबाघरी तेही सोयीचेच. आई लावते, आजी लावते, मग दात दुखणाऱ्या मुलीच्या बोटावरही चिमूट ठेवली जाई. दुखणे जाई, सवय राही. त्याला कोणी व्यसन म्हणतच नसे, हीच खरी गोम. वस्तुतः तंबाखूतले निकोटिन तोंडातल्या त्वचेतून थेट रक्तात भिनते, आणि मशेरी लावणाऱ्या मातांची बाळे वजनाने हलकी उपजतात. पुढे बाजारात तंबाखू घातलेली दंतमंजनेही आली. त्यांवर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली. पण घरच्या तव्याला कोणता कायदा आडवा येणार?

सुपारीची गोष्ट याहून वेगळी नाही. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातील एका विकाराची नोंद केली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी तोच आपल्याकडे आढळल्याचे लिहिले. गालाच्या आतली मऊ त्वचा ताठ होत जाते, तिखट सोसवत नाही, आणि हळूहळू तोंडच उघडेनासे होते. याचे मुख्य कारण सुपारी, आणि यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. पूर्वी हे दुखणे बहुधा पोक्त माणसांचे असे. सुपारी, तंबाखू, चुना व कात यांची स्वस्त पुडी दुकानोदुकानी लटकू लागली आणि ते शाळकरी वयाच्या मुलांपर्यंत येऊन पोहोचले. पान लावायला निदान तबक लागे. पुडी दप्तरात मावते, आणि तोंडाला विडीसारखा वासही येत नाही.

महाराष्ट्र शासनाने २००२ साली गुटखा बंद केला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला तो अधिकार नाही म्हणून बंदी रद्द केली. मध्यंतरी २००३ च्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांत ती विकणे गुन्हा ठरला. पुढे अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे २०१२ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आली. दुकानदारांनी तोड काढली: पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी, गिऱ्हाइकाने घरी मिसळावे! २०१५ च्या बालन्याय कायद्याने मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद केली. तरीही २०१९ च्या देशव्यापी पाहणीत तेरा ते पंधरा वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखूचे सेवन करताना आढळले, मुलगे ९.६, मुली ७.४. मुलींचा आकडा मुलग्यांच्या इतका जवळ असलेला पाहून ज्यांना नवल वाटेल, त्यांनी मशेरीची डबी आठवावी.

दंतवैद्य एक साधी परीक्षा सांगतात. मुलाने स्वतःची तीन बोटे जुळवून, उभी धरून, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालावीत. तीन सहज मावली तर ठीक. दोनच मावत असतील, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.