उपग्रह रडारद्वारे सागरी तेलगळतीचा स्वयंचलित शोध

उपग्रहावरील रडारने टिपलेल्या प्रतिमांमधून समुद्रपृष्ठावरील तेलाचे तवंग संगणकाच्या साहाय्याने ओळखण्याच्या पद्धतीला तेलगळतीचा स्वयंचलित शोध म्हणतात. यासाठी प्रामुख्याने सिंथेटिक अ‍ॅपर्चर रडार वापरले जाते. हे रडार स्वतः सूक्ष्मतरंग सोडून त्यांचा परतावा मोजते. त्यामुळे रात्री व ढगाळ हवामानातही प्रतिमा मिळते.

तत्त्व

वाऱ्यामुळे समुद्रावर काही सेंटिमीटर लांबीच्या लहरी उठतात. रडारचे तरंग त्यांवरून विखुरतात व काही अंशी उपग्रहाकडे परततात. तेलाचा पातळ थर या लहरी दाबून टाकतो. परिणामी परतावा घटतो आणि तवंग भोवतालच्या पाण्यापेक्षा काळा दिसतो.

कार्यपद्धती

संगणक प्रथम प्रतिमेतील काळे डाग वेगळे करतो. नंतर प्रत्येक डागाचा आकार, क्षेत्रफळ, कडांची स्पष्टता आणि भोवतालच्या पाण्याशी असलेला तेजाचा फरक मोजला जातो. या गुणांवरून डाग तेलाचा असण्याची शक्यता ठरते. जहाजामागे पसरलेला लांब, अरुंद पट्टा अधिक संशयास्पद मानला जातो. अलीकडे या वर्गीकरणासाठी कृत्रिम न्यूरल जाळ्यांचाही वापर होतो.

मर्यादा

प्रत्येक काळा डाग तेलाचा नसतो. मंद वाऱ्याचे पट्टे, पावसाच्या सरी आणि सागरी जीवांपासून निर्माण होणारे नैसर्गिक थरही तसेच दिसतात. वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे २ ते ३ मीटरपेक्षा कमी असल्यास सर्वच पाणी काळे दिसते. तो १० ते १४ मीटरपलीकडे गेल्यास तेल पाण्यात मिसळून तवंग दिसेनासा होतो. म्हणून तज्ज्ञांची तपासणी आणि शक्य तेथे विमान वा जहाजाद्वारे खातरजमा आवश्यक ठरते.

उपयोग

नोव्हेंबर २००२ मध्ये स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्याजवळ ‘प्रेस्टीज’ या तेलवाहू जहाजातून झालेल्या गळतीचा तवंग ‘एन्व्हिसॅट’ उपग्रहाच्या रडारने टिपला होता. युरोपीय सागरी सुरक्षा संस्थेची ‘क्लीनसीनेट’ ही सेवा २००७ पासून संशयित तवंगांची सूचना किनारी देशांना देते. एप्रिल २०१४ मध्ये सोडलेल्या ‘सेंटिनेल-१ए’ उपग्रहाच्या प्रतिमा सर्वांसाठी विनामूल्य खुल्या आहेत.

गोव्याच्या किनाऱ्यांवर पावसाळ्याच्या सुमारास टारबॉल, म्हणजे तेलाचे डांबरी गोळे, वाहून येतात. त्या काळात ढगांआडचा समुद्र रडारला दिसतो. मात्र नैऋत्य मोसमी वारा जोराचा असेल, तर त्याच समुद्रावरील तवंग ओळखणे रडारलाही कठीण जाते.