आज्ञा पदाची की व्यक्तीची?

एखाद्या कचेरीत, इस्पितळात किंवा कारखान्यात मुख्याच्या जागी स्त्रीची नेमणूक व्हावयाची वेळ आली, म्हणजे दोन प्रश्न निघतात. पहिला उघडपणे विचारला जातो : हे काम तिला झेपेल काय? दुसरा बहुधा हलक्या आवाजात निघतो : हाताखालचे पुरुष तिचे ऐकतील काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ती आपल्या कामाने देऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर देणे तिच्या स्वाधीनच नाही. कारण तो प्रश्न तिच्या योग्यतेचा नसून इतरांच्या वृत्तीचा आहे. असे असूनही त्याचा दंड मात्र तिला एकटीला भरावा लागतो. ह्या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. त्यातील तीन-चार प्रसंग आज श्रोत्यांपुढे ठेवावयाचे योजिले आहे.

आपली भाषाच ह्या बाबतीत काय सांगते ते प्रथम पाहा. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, कुलकर्णीण म्हणजे कुलकर्ण्याची, आणि कारभारीण म्हणजे कारभाऱ्याची. गावचा वसूल स्वतः करणारी किंवा दप्तर स्वतः राखणारी स्त्री, असा अर्थ ह्या शब्दांवरून सहसा कोणाच्या मनात येत नाही. पद पुरुषाचे, आणि स्त्रीला त्या पदाची लाभावयाची ती सावली, असा हा संकेत आहे. तो मोडण्याचा प्रसंग ज्या स्त्रियांवर आला, त्यांत अहल्याबाई होळकर यांचे नाव पहिले घ्यावे लागते.

अहल्याबाईंचा जन्म 1725 सालचा, नगरकडील चौंडी गावचा. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव कामास आले. सासरे मल्हारराव यांनी सुनेला सती जाऊ दिले नाही, आणि नुसते जगविले असेही नव्हे, तर तिला कारभारात घेतले. तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे कूच करावे, दारूगोळ्याची तरतूद ठेवावी, अशा मजकुराची मल्हाररावांची 1765 सालातील पत्रे प्रसिद्ध आहेत. सुनेला लिहिलेल्या पत्रांतून क्षेमकुशलाबरोबर तोफांची व्यवस्था लिहिणारा हा सासरा त्या काळी विरळाच म्हणावा लागेल. तात्पर्य, 1766 साली मल्हारराव वारले आणि पुढच्याच वर्षी अहल्याबाईंचा पुत्र मालेराव हाही गेला, तेव्हा राज्याचा कारभार कसा चालतो हे ज्यांना आतून ठाऊक होते, अशा व्यक्तींत अहल्याबाईंची गणना अग्रभागी होती.

आणि नेमक्या त्याच वेळी दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सल्ला दिला तो असा की, बाईंनी एखादे मूल दत्तक घ्यावे, स्वतः नेमणूक घेऊन धर्मकार्यात काळ घालवावा, आणि कारभार दिवाणाने पाहावा. अहल्याबाईंचा अमुक हिशेब चुकला किंवा अमुक हुकूम अविचाराचा ठरला, असे ह्या सल्ल्यात काहीच नव्हते. स्त्रीने राज्य चालवू नये, एवढेच त्याचे मर्म होते. दिवाणांनी रघुनाथरावांना आपल्या बाजूस वळविले, आणि राघोबादादा फौज घेऊन माळव्यात उतरले.

बाईंनी लढाईची सिद्धता केली, सरदारांना आपल्याकडे ठेविले, आणि पेशव्यांकडे दाद मागितली. त्याचबरोबर त्यांनी राघोबांना निरोप धाडल्याचे सांगतात : स्त्रीशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही, आणि हरलात तर तोंड दाखविण्यास जागा नाही. ह्या निरोपातील चातुर्य सूक्ष्म आहे. स्त्रीला कमी लेखणाऱ्या ज्या समजुतीच्या बळावर प्रतिपक्ष चालून आला होता, तीच समजूत बाईंनी शस्त्र म्हणून त्याच्यावर उलटविली. राघोबा माघारी फिरले. माधवराव पेशव्यांनीही बाईंचा अधिकार मान्य केला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे आणि मुलकी कारभार बाईंकडे, अशी वाटणी झाली. ती बाईंच्या अखेरीपर्यंत, म्हणजे 1795 पर्यंत, पैशाच्या बाबतीत खटके उडत असतानाही टिकली.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. तुकोजी वयाने बाईंपेक्षा मोठे असूनही त्यांना मातोश्री म्हणत, असे सर जॉन माल्कम याने 1823 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात नमूद केले आहे. ह्याचा अर्थ काय? फौजबंद पुरुषाने स्त्रीचा हुकूम मानावयाचा, तर त्या हुकमाला नात्याचा पदर लावावा लागला. आईची आज्ञा पाळण्यात कोणाही पुरुषाला कमीपणा वाटत नाही. म्हणून धनीपणाला आईपण द्यावयाचे, आणि मग खुशाल मुजरा करावयाचा! आजही आपल्या संस्थांतून प्रमुख स्त्रीला ताई, माई, आई म्हणण्याची जी रीत आहे, तिच्यात जिव्हाळा आहेच. परंतु ही जुनी सोयही तिच्यात थोडीफार दडलेली आहे, हे विसरता येत नाही.

दुसरी सोय ह्याहून गोड, आणि म्हणूनच अधिक फसवी. ती म्हणजे स्तुतीची. बाईंचे घाट, देवळे आणि अन्नछत्रे लोकांच्या तोंडी राहिली. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांच्या दानाचा लौकिक पसरला. परंतु ते दान ज्या उत्पन्नातून होई, ते उत्पन्न वर्षानुवर्षे सुरळीत येत राहिले ते कशाच्या जोरावर? बाई दररोज दरबारात बसून फिर्यादी ऐकत. वाटा लुटणाऱ्या भिल्लांचा बंदोबस्त करताना त्यांनी जरब बसविलीच, पण त्यांचे जुने हक्कही मान्य केले आणि त्याबदली वाटांच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. निपुत्रिक सावकार मेला असता त्याच्या विधवेच्या द्रव्यावर सरकारी हात पडू द्यावयाचा नाही, हे धोरण त्यांनी राखिले. ही सारी कामे भक्तीने होत नाहीत. ती हिशेबाने, माणसांच्या पारखेने आणि वेळच्या वेळी दिलेल्या हुकमांनी होतात. बाईंना देवी ठरविल्यावर मात्र ही कर्तबगारी झाकून गेली. देवीला सर्वच साध्य असते, मग तिच्या दप्तराकडे कोण पाहणार? आणि देवीचा कित्ता सामान्य स्त्रीने गिरवावा, असे तरी कोण म्हणणार? एका ब्राह्मणाने आपल्या स्तुतीचा ग्रंथ आणला, तो बाईंनी ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकविला, अशी कथा माल्कमनेच दिली आहे. ही गोष्ट आपण त्यांच्या विनयाची म्हणून सांगतो. ती त्यांच्या व्यवहारबुद्धीचीही असावी, असे मानण्यास हरकत नाही.

इंग्रजी अमदानीत ह्या प्रश्नाने निराळे रूप घेतले. स्त्रीने मुळीच अधिकार चालवू नये, असे आता सुशिक्षितांना म्हणवेना. तेव्हा तिने स्त्रियांवर अधिकार चालवावा, अशी तडजोड निघाली. मुंबईत 1886 साली पेस्तनजी होर्मसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रियांसाठी इस्पितळ उघडले आणि ते स्त्री-डॉक्टरांच्या हाती देण्यात आले. पुण्यास 1909 साली रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली सेवासदन सुरू झाले. तेथे देवधरांसारखा कर्ता पुरुष चिटणिसाच्या जागी, आणि अध्यक्षस्थानी रमाबाई, असा क्रम 1924 साली रमाबाईंचे देहावसान होईपर्यंत चालला. ह्या संस्थांचे उपकार मोठे आहेत. तथापि ह्या तडजोडीची दुसरी बाजू कॉर्नेलिया सोराबजी यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म नाशिकचा, 1866 सालचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. पदवीपरीक्षेत त्यांनी अग्रस्थान मिळविले. परंतु त्या स्थानाबरोबर विलायतेस जाण्यासाठी मिळावयाची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना स्त्री म्हणून नाकारण्यात आली. 1888 साली, वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, त्या अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवू लागल्या. पुरुष ऐकतील काय, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या वर्गानेच दिले होते! पुढे त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि 1892 साली कायद्याची परीक्षा उतरल्या. पण विद्यापीठाने प्रत्यक्ष पदवी दिली ती 1922 साली, म्हणजे तीस वर्षांनी. स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा हिंदुस्थानात 1923 साली झाला. मधल्या काळात, 1904 पासून, बंगाल सरकारच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्स खात्यात त्या जागा सांभाळीत होत्या, त्यांचे काम गोषातील जमीनदारिणी आणि अज्ञान वारस यांच्या इस्टेटींची निगा राखण्याचे होते. हे काम त्यांनी अनेक वर्षे निष्ठेने केले. परंतु पाहा : जिने तरुणपणी पुरुषांचा वर्ग चालविला, तिच्या प्रौढपणाच्या विद्वत्तेला सरकारने दार उघडले ते पडद्याच्या आतले. स्त्रीची योग्यता कबूल, पण तिची हुकमत चालावयाची ती पुरुषाची नजर जेथे पोचत नाही तेथे, असा त्या तडजोडीचा खरा आशय होता.

1950 साली आपली राज्यघटना अमलात आली. सरकारी नोकरीत लिंगावरून भेद करू नये, हे तिच्या सोळाव्या कलमात स्वच्छ लिहिलेले आहे. आता प्रश्न मिटला, असे कोणासही वाटावे. परंतु पुढच्याच वर्षी अण्णा राजम् ह्या पहिल्या स्त्री अधिकाऱ्याने प्रशासन सेवेत पाऊल टाकले, तेव्हा मुलाखत घेणाऱ्या मंडळींनी तिला दुसरी एखादी सेवा पत्करण्याचा आग्रह केला, आणि नेमणुकीच्या अटींत विवाह केल्यास नोकरी संपुष्टात येईल, असे कलम घातले. जिल्ह्यातील कामाऐवजी सचिवालयातील खुर्ची बरी, असाही सल्ला तिला मिळाला. तिने जिल्ह्यातीलच काम मागून घेतले आणि ते केले. ते विवाहाचे कलम पुढे गेले. ह्याच बाई नंतर अण्णा मल्होत्रा म्हणून मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदराच्या विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षा झाल्या. धक्के, यंत्रे आणि गोदी-कामगार ह्यांच्या त्या जगात त्यांचा हुकूम चालला, बंदर उभे राहिले आणि 1989 साली सुरू झाले.

परराष्ट्र सेवेतील नियम तर ह्याहून कडक होते. 1961 च्या नियमांप्रमाणे स्त्री अधिकाऱ्याने विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावयाची, आणि विवाहानंतर संसारामुळे कामात व्यत्यय येतो असे सरकारला वाटल्यास राजीनामा द्यावयाचा. पुरुषाच्या संसाराने त्याच्या कामात कधी व्यत्यय येत असेल, ही कल्पना नियम करणाऱ्यांना शिवलीही नाही. 1949 साली ह्या सेवेत आलेल्या पहिल्या स्त्री अधिकारी सी. बी. मुथम्मा यांना वरच्या श्रेणीची बढती नाकारली गेली, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. प्रकरण चालू असतानाच सरकारने त्यांना बढती दिली. म्हणून 1979 साली अर्ज निकालात निघाला. परंतु न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल देताना ह्या नियमांतील पक्षपातावर कडक ताशेरे ओढले, आणि विवाहित पुरुषाला जो हक्क आहे तो विवाहित स्त्रीलाही असला पाहिजे, हे बजाविले.

शेवटचा प्रसंग अगदी अलीकडचा, 2020 सालचा आहे. स्थलसेनेत 1992 पासून स्त्रियांना वैद्यकेतर शाखांतही अधिकारी म्हणून घेण्यास आरंभ झाला होता. परंतु त्यांना कायम नेमणूक आणि तुकडीचे अधिपत्य मिळावे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सरकारतर्फे जी कारणे मांडण्यात आली, त्यांत एक असे होते की, शिपाई बहुतांशी खेड्यांतून आलेले पुरुष असून स्त्रीच्या अधिपत्याखाली वागण्यास त्यांच्या मनाची तयारी झालेली नाही. न्यायालयाने ही कारणे रूढ समजुतींवर आधारलेली म्हणून अमान्य केली. परंतु ज्या देशात होळकरांच्या फौजेने अडीचशे वर्षांपूर्वी बाईंचा शब्द मानला, त्या देशात हे कारण गंभीरपणे पुढे यावे, ह्याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. खेडवळ शिपायाच्या माथी दोष मारणारी ही समजूत वस्तुतः शहरातल्या सुशिक्षित टेबलांवर लिहिली गेली होती.

ह्या साऱ्या प्रसंगांतून एक सूत्र निघते. 1767 साली असो, 1951 साली असो, की 2020 साली असो, आक्षेप घेतला गेला तो स्त्रीचे काम पाहून नव्हे. तिची योग्यता सिद्ध झाली, की तिला आई म्हटले, देवी म्हटले, अपवाद म्हटले; पण अधिकारी म्हणण्यास मन कचरले. वास्तविक आधुनिक कचेरीचा सारा पायाच हा आहे की, आज्ञा पदाची असते, व्यक्तीची नसते. साहेब काळा की गोरा, म्हातारा की तरुण, हे न पाहता आपण सहीचा मान राखतो. मग सही करणारा हात बांगड्यांचा असला, तर तोच मान राखण्यास नाते किंवा देवत्व मध्ये आणण्याचे कारण काय?

कायद्याने आपले काम बरेच केले आहे. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक वर्गातील कंपन्यांच्या संचालक मंडळांवर निदान एक स्त्री असलीच पाहिजे, असे ठरविले. पण एक जागा राखून ठेवणे निराळे, आणि त्या जागेवरून निघालेला शब्द मानणे निराळे. ते दुसरे शिक्षण कायद्याच्या पुस्तकातून मिळत नाही. ते घरात, मुलगा आणि मुलगी एकत्र वाढत असताना, कोणाचे म्हणणे कोण ऐकून घेतो ह्यावरून मिळते. ज्या घरात बहिणीच्या सयुक्तिक शब्दाला भाऊ मान देतो, त्या घरचा मुलगा उद्या कचेरीत गेल्यावर, आपली वरिष्ठ स्त्री आहे ह्याची त्याला वेगळी आठवण ठेवावी लागणार नाही.