दोन कार्डं, एक गेम

परवा गुलमंडीच्या घरी माळा आवरताना माझी जुनी दोन ग्राफिक्स कार्डं सापडली. कॉलेजात शिकवण्या घेऊन जमवलेली! दुसरं लावल्यावर सरासरी वाढली, गेम मात्र अडखळायचाच. ओव्हरक्लॉक केलं तर नुसती भट्टी.

१९९८ मध्ये थ्रीडीएफएक्सच्या व्हूडू-२ जोडीत एक कार्ड सम ओळी काढायचं, दुसरं विषम. चित्र एकच, काम निम्मं-निम्मं. एनव्हिडियाने २००४ मध्ये एसएलआय नाव परत आणलं, पण त्यात बहुतेकदा एक फ्रेम याची, पुढची त्याची. पुढचीला मागचीतलं काही लागलं की दुसरं कार्ड ताटकळणार. फ्रेम भरपूर, पण अंतर कमी-जास्त... आणि आम्ही बघायचो सरासरी! २०२१ पासून एनव्हिडियाने नवी एसएलआय प्रोफाइल्स देणं थांबवलं.

आई म्हणाली, "भंगारात देऊ?" एकच दिलं.